अभ्यासिकेबाहेरची बडबड

पुण्याच्या नव्या पेठेतली एक जुनी इमारत. वरचा मजला, त्यावर पत्रा. जिन्यात चपलांचा खच. मे महिना आहे, दुपारचे साडेतीन वाजलेत, आणि जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटका देतो.

दारावर पाटी आहे. शांतता राखा. मोबाईल सायलेंटवर ठेवा. बोलताना आढळल्यास जागा रद्द केली जाईल. शेवटची ओळ लाल अक्षरांत.

आत प्लायवूडच्या कप्प्यांच्या रांगा. प्रत्येक कप्प्यात एक वाकलेली पाठ, पाण्याची बाटली, घामाचा नॅपकिन. खुर्चीवर घरून आणलेली उशी. पंखे गरगरतात आणि गरम हवा इकडची तिकडे करतात. समोरच्या प्लायवर चिकटवलेले कागद कडांना वळलेत. महाराष्ट्राचे 36 जिल्हे. गोदावरी, 1465 किलोमीटर. कळसूबाई, 1646 मीटर. ओठ हलताना दिसतात. आवाज कुणाचाच नाही.

खिडकीजवळचा मुलगा कागदावर तळहात ठेवून डोळे मिटतो. संविधानाची आठवी अनुसूची, 22 भाषा. बोटांची पेरं मोजत तो सतरापर्यंत येतो आणि अडतो. हात उचलून बघतो. डोगरी. मान हलवतो, पुन्हा झाकतो, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी डोगरी आठवते, संथाली जाते.

राज्यसेवा, कम्बाइन, तलाठी, पोलीस भरती. इथल्या प्रत्येक पाठीला यातलं काहीतरी लागलेलं आहे. बीडहून, नांदेडहून, सांगोल्याहून आलेली ही मुलं. गावाकडचे लोक यांना हुशार म्हणतात, आणि ती आहेतच. वर्षानुवर्षं दिवसाला दहा तास ज्या माणसाला विसरण्याशी झगडावं लागतं, त्याला आळशी म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही.

चार वाजले की खुर्च्या सरकतात. जिना पावलांनी वाजायला लागतो. पहिल्या वळणाला खुसफुस, दुसऱ्याला गप्पा, आणि रस्त्यावर पाऊल पडेपर्यंत सगळ्यांचे आवाज चढलेले.

कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान. रांग फुटपाथवरून खाली उतरलीय. यंत्रातून गरम कागदांचा वास येतोय. दुकानदार मान वर न करता विचारतो, "पाठपोट?" पुढची मुलगी टीईटीच्या मानसशास्त्राच्या नोट्स काढून घेतेय. वरच्या पानावर एक आलेख आहे. रेघ उंचावरून सुरू होते, दाणकन खाली येते आणि मग जमिनीलगत सरकत राहते. विस्मरणाचा वक्र. एका जर्मन अभ्यासकानं 1885 मध्ये मांडलेला. त्यानं स्वतःलाच प्रयोगाला बसवलं होतं. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, थांबायचं, किती उरली ते तपासायचं. एका तासात निम्म्याहून जास्त गळालेली असायची. मुद्दाम बिनअर्थाची अक्षरं घेतली होती, कारण अर्थ असला की माणसाला धरायला काहीतरी मिळतं आणि प्रयोग बिघडतो.

मुलगी पानं मोजते, पैसे देते. "हे मला तीनदा पाठ झालंय," ती मैत्रिणीला सांगते, "तीनदा गेलंय." दोघी हसत सुटतात.

चहाच्या टपरीपाशी सावली फक्त एका बाजूला. सगळे त्याच बाजूला कोंडलेत. स्टोव्हची घरघर, आलं ठेचल्याचा आवाज, काचेच्या ग्लासांची खणखण. "अण्णा, चार कटिंग!" क्रीमरोलच्या बरणीवर माशी बसते, उडते, परत बसते.

इथे पाटी नाही. इथे सगळेच बोलतात.

"सांग, 2011 ची फायनल. टार्गेट किती होतं?"

"275. आपण 277 केले, चार आउट. दहा बॉल राहिले होते."

सांगणारा एकवीस-बावीस वर्षांचा असेल. 2 एप्रिल 2011 ला तो जेमतेम पहिलीत. सामना त्यानं तेव्हा पाहिला की झोपला होता, कुणास ठाऊक. पण तो शेवटचा षटकार त्याच्यापुढे मोबाईलवर, हॉटेलच्या टीव्हीवर, जाहिरातींत येतच राहिला. पाठ करायला त्याला कुणी सांगितलं नाही. आणि एखादा आकडा चुकला असता, तर तो दुरुस्त करायला आसपास आठ जण उभे होते. चुकला म्हणून गुण कुणी कापले नसते. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत मात्र चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा जातो. त्यामुळे अर्धवट आठवणारं बोलूनच दाखवायचं नाही, ही सवय मुलांच्या अंगात मुरलीय.

विषय सिनेमावर जातो. 'सैराट'. 29 एप्रिल 2016. तारीखही माहीत आहे, कारण त्या दिवशी कोण कुणाच्या मोटारसायकलवर बसून तालुक्याला गेलं, हे तिला चिकटलेलं आहे. कुठल्या प्रसंगानंतर कुठला प्रसंग, विहीर कधी, क्रिकेटची मॅच कधी, सगळा क्रम तोंडावर. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा दोघं जण मिळून चहा संपायच्या आत सांगून टाकतात.

चष्मेवाला एक जण मोबाईल काढतो. प्रश्नसंच उघडतो.

"थांबा, सिनेमाचाच विचारतो. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट?"

शांतता. इतक्या वेळात पहिल्यांदाच स्टोव्ह नीट ऐकू येतो.

"संत तुकाराम?"

"तो 1936 चा. तेव्हा राष्ट्रपती कुठले?"

"मग श्वास."

"तो 2004 चा, येड्या."

उत्तर 'श्यामची आई', 1953 चा सिनेमा, पदक 1954 मध्ये. "अरे हो!" म्हणत तिघं एकदम कपाळावर हात मारतात. तिघांनीही ते वाचलेलं आहे. 'सर्वप्रथम' नावाच्या तक्त्यात, 'राजा हरिश्चंद्र, 1913' च्या खाली. तिघांपैकी सिनेमा कुणीच पाहिलेला नाही.

मला यातलं हेच मोलाचं वाटतं. विषय तोच आहे, सिनेमा. गप्पांतून आला तो राहिला, तक्त्यातून आला तो आठव्या अनुसूचीच्या वाटेनं गेला. मुलांना करमणूक आवडते आणि अभ्यास नको असतो, असं म्हणून हात झटकणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा या टपरीवर चहाला यावं.

पलीकडे दुसरा घोळका. संविधानातले प्राधिलेख चाललेत. "बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध..." म्हणणारा मुलगा थांबतो. पिवळ्या ओढणीची मुलगी म्हणते, "बंदी प्रत्यक्षीकरण म्हणजे 'जय भीम'मधलं. नवरा दाखवा म्हणून ती बाई कोर्टात जाते ना, ते."

"हां. कलम 32."

"दादा, केस हायकोर्टात होती. 32 म्हणजे सुप्रीम कोर्ट. हे 226."

मुलगा क्षणभर तिच्याकडे बघतो आणि मान्य करतो. हा फरक आता तो विसरेल असं वाटत नाही. अण्णा पातेल्यात साखर टाकतात. पावणेपाच होतात, ग्लास परत जातात, आणि घोळके जिन्यापाशी येऊन मुके होतात.

रात्री आठला मेसची रांग. अरुंद बोळ, दोन्हीकडून भिंतींची धग. तव्यावरच्या पोळ्यांचा वास, फोडणीचा ठसका. हजेरीच्या वहीवर तेलाचे डाग. वर कोपऱ्यात टीव्ही. मुलांना सामना हवाय, पण रिमोट काकूंच्या ओट्यावर, पोळ्यांच्या डब्यामागे. मालिका संपल्याशिवाय तो हलायचा नाही.

"काकू, ही कोण?" एक जण चिडवायला विचारतो.

काकूंचा हात थांबत नाही. "ही धाकट्या जावेची सावत्र बहीण. हिचं लग्न आधी मोठ्या दिराशी ठरलं होतं. मग तो जिवंत नाही असं समजून..." लाटणं फिरतंय, पोळी उलटतेय. तीन पिढ्यांचं घर, दोन वाडे, एक बदललेलं मृत्युपत्र त्या न अडखळता उलगडून सांगतात.

रांगेतल्या एकाच्या हातात चिठ्ठी आहे. देवगिरीचे यादव. भिल्लम, जैतुगी, सिंघण, कृष्ण, महादेव, अम्मण, रामचंद्र. तो पुटपुटतोय. अम्मण दर वेळी सुटतो.

"काय पुटपुटतोस रे बाळा?"

"राजे पाठ करतोय, काकू. यादवांचे."

"त्यात काय एवढं?"

"नावं राहत नाहीत."

"कोण कुणाचा, ते सांग."

मुलगा घुटमळतो. मागचा ताट वाजवतो. मग तो सांगायला लागतो. कृष्ण आणि महादेव भाऊ. कृष्ण थोरला, राजा तो. तो गेला तेव्हा त्याचा पोरगा रामचंद्र लहान, म्हणून गादीवर काका बसला. महादेव.

"बसला तो बसलाच, असं ना?" काकू म्हणतात.

"हो. आणि जाताना गादी स्वतःच्या पोराला दिली. तो अम्मण. 1270 च्या सुमाराला."

"बघ!" लाटणं थांबतं. "आणि खरा वारस?"

"तो काही दिवसांतच आला. नाटक्यांच्या वेशात माणसं किल्ल्यात घुसवली, अशी हकीकत आहे. अम्मणला कैद केलं आणि स्वतः राजा झाला."

"बरोबर केलं त्यानं," काकू निकाल देतात. "गादी त्याच्या बापाची होती."

"पण अम्मणचा काय दोष, काकू?" मागून आवाज येतो. "त्याला तर बापानं बसवलं."

"बसायचं कशाला मग?" तिसरा तोंड घालतो. रांगेत दोन तट पडतात. कुणीतरी महादेवाची बाजू घ्यायला लागतं. टीव्हीवर जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झालीय, तिकडे काकूंचं लक्ष नाही.

"मग पुढं?" त्या विचारतात. "सुखानं राज्य केलं का त्यानं?"

"केलं की. पंचवीसेक वर्षं. मग 1296 मध्ये अलाउद्दीन आला."

"अगं बाई."

"काकू, पोळी करपली!"