थेंबाचा दाणा

उसाच्या भरणीचे दिवस आले, की कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठी युरियाची पोती हलू लागतात. वजन ४५ किलो, नत्र ४६ टक्के, एवढं पोत्यावरचं सगळे वाचतात. आतला दाणा गोल का, याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

तो दाणा मुळात थेंब असतो. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना १९८०च्या दशकापासून युरिया बनवतो. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून युरियाचं द्रावण होतं. ते आटवून पाणी जवळजवळ काढून टाकलं, की उरतो वितळलेला युरिया. तो १३३ अंशांखाली गोठतो, म्हणून तापलेलाच उंच मनोऱ्याच्या माथ्यावर चढवायचा. तिथे बारीक भोकांची बादली गरगर फिरत असते. भोकांतून सुटलेल्या धारा तुटतात, पृष्ठताणामुळे थेंब गोल होतात आणि खालून चढणाऱ्या गार हवेत पडता पडता गोठतात. सगळा खेळ काही सेकंदांचा. थेंब जाड राहिला तर पोटात कच्चाच तळाशी आदळतो. फार बारीक झाला तर धूळ होऊन उडतो. माल जास्त वेळ तापत राहिला तर पिकाला बाधणारं बाययुरेट वाढतं. खत नियंत्रण आदेशात त्याला दीड टक्क्याची मर्यादा आहे. दाण्यांपैकी ९० टक्के १ ते २.८ मिलिमीटरमध्ये बसले पाहिजेत, हेही तिथेच लिहिलंय.

युक्ती तशी बंदूकवाल्यांची. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली वितळलेलं शिसं उंचावरून पाण्यात पाडून छर्रे करण्याचं पेटंट घेतलं होतं.

गोल दाणे एकमेकांना कमी टेकतात, त्यामुळे पोत्यात खडे कमी धरतात आणि मुठीतून सारखे सुटतात. या सुटसुटीतपणानेच आपल्याला आळशी केलंय. फोकलं, की झालं! पण ओल्या रानात उघड्यावर विरघळलेल्या युरियाचा अमोनिया होतो आणि बराचसा हवेत जातो. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेल लावणं सक्तीचं आहे. त्याने अमोनियाचं नायट्रेट होणं लांबतं. पण अमोनियाचं उडून जाणं थांबत नाही, म्हणून वर पडलेल्या दाण्याला त्याचा आधार नाही. उसाला नत्र १०, ४०, १० आणि ४० टक्के अशा चार हप्त्यांत द्यायचं, ही आपल्याकडची रुळलेली शिफारस. शेवटचा हप्ता मोठ्या भरणीला येतो, म्हणजे माती चढवायचीच असते. बाकीच्या हप्त्यांनाही तेवढी तसदी घ्या: युरिया सरीत द्या आणि त्याच दिवशी मातीआड करा.