श्रीखंडाच्या डब्याचा फिल्टर: डबा विकू नका, विरजण विका



रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यापासून माशांच्या टाकीचा फिल्टर कसा बनवायचा, ते व्हिडिओत आपण पाहिलं. पण व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. तो इथे मांडतो. सुरुवात माझ्या चुकीपासून.

हातखंब्याला, जिथे मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो, तिथे मी दुकान टाकलं. पहिल्याच वर्षी एक काका आले. नातवाच्या वाढदिवसाला टाकी हवी होती. मी टाकी, खडे, दिवा, नवा कोरा फिल्टर आणि बारा मासे, सगळं एकाच दिवशी दिलं. बिल मोठं झालं, मी खूश! आठव्या दिवशी काका दारात. म्हणाले, "पाणी काचेसारखं स्वच्छ आहे हो, मग मासे का मेले?" मला उत्तर देता आलं नाही. बीबीएला मार्केटिंगचे चार पी शिकलो होतो, अमोनिया नव्हता शिकलो. काका पुन्हा आले नाहीत.

फिल्टर नेमकं काय करतो?

आपल्याला वाटतं, फिल्टर म्हणजे गाळणी. कचरा अडवणं हे त्याचं छोटं काम. मोठं काम दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी, आणि डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं.

हे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात. पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. दुधाचं दही व्हायला विरजण लागतं ना? तसंच. काकांना मी भांडं दिलं, विरजण दिलंच नाही.

साहित्य आणि कृती

अर्धा किलो श्रीखंडाचा डबा 30-40 लिटरच्या टाकीला आणि मोजक्या लहान माशांना पुरतो.

1. डबा गरम पाण्याने धुवा. तूपकटपणा राहता कामा नये. साबण वापरू नका.
2. झाकणावर गरम खिळ्याने 20-25 भोकं पाडा. मध्ये वायरिंगचा पीव्हीसी पाइप घट्ट बसेल एवढं मोठं भोक करा.
3. पाइपच्या खालच्या टोकाला चार खाचा पाडा आणि तो डब्याच्या तळाला टेकवा. वरचं टोक पाण्याच्या पातळीच्या जवळ यायला हवं.
4. तळात वजनासाठी नदीचे गोटे टाका. आधी गोट्यावर लिंबू पिळा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो नको. समुद्रावरचे शिंपलेही त्याच कारणाने नकोत.
5. त्यावर फुटक्या मंगलोरी कौलाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे भरा. कौल रंग न लावलेलं हवं, शेवाळ घासून उकळून घ्या. कौलाला बारीक छिद्रं असतात, जिवाणूंना तिथे बिऱ्हाड मिळतं.
6. सगळ्यात वर फिल्टरचा कापूस, मग झाकण. गादीचा फोम किंवा भांडी घासायचा स्पंज नको, त्यात रसायनं असू शकतात.
7. एअर पंपाची नळी एअर स्टोन लावून पाइपमध्ये जवळजवळ तळापर्यंत सोडा.

बुडबुडे वर चढताना पाइपमधलं पाणी वर ढकलतात. त्या जागी झाकणातून नवं पाणी आत येतं, कापूस आणि कौलांमधून जाऊन पुन्हा पाइपने वर येतं. झालं!

एअर पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा. नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

आता हिशेब

माझ्या दुकानातले अंदाजे आकडे देतो, तुम्ही तुमच्या बाजारभावाने बदला. डबा 10, पाइप 10, नळी 20, स्टोन 10, कापूस 20, आणि तुमची अर्ध्या तासाची मजुरी 50. एकूण 120 रुपये, पंप वेगळा. "डबा घरचाच, मजुरी माझीच" असं म्हणून शून्य लिहू नका. अर्धे छोटे धंदे त्या शून्यातच बुडतात.

आता खरं सांगतो. तयार स्पंज फिल्टरही बाजारात साधारण याच भावात मिळतो. म्हणजे डबा विकून तुम्ही कमावणार नाही. मग काय विकायचं? पिकलेला फिल्टर. निरोगी मासे असलेल्या टाकीत सहा आठवडे चाललेला. 3 वॅटचा पंप सहा आठवड्यांत साधारण 3 युनिट वीज खातो, ती धरून खर्च 150 च्या आसपास. मी तो 250 ला देतो, आणि गिऱ्हाईक आनंदाने घेतं, कारण त्याचे मासे जगतात.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं

पिकलेला फिल्टर टाकीच्याच पाण्यात, ओला, लगेच घरी न्यायचा. पहिल्या आठवड्यात दोन-तीनच मासे. फिल्टर कधीही नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा. पाणी बदलतानाही थोडंच बदला, आणि क्लोरीनचं पाणी असेल तर दिवसभर बादलीत उघडं ठेवून मगच वापरा.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते, ते काही नवीन नाही. जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवायला सांगा. रात्रभर फिल्टर बंद राहिला, तर थेट सुरू न करता आधी टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या.

शिकायचं कुठे?

आपल्या उंबऱ्याशीच! शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. तिथे जाल तेव्हा मासे बघून झाले की टाकीमागची पाण्याची व्यवस्था कशी केली आहे, ते विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक फिल्टर बनवा आणि झाकणावर आजची तारीख लिहा. सहा आठवडे तो विकायचा नाही. गिऱ्हाईक घाई करेल, तुमचाही हात शिवशिवेल. तेव्हा त्याला शांतपणे सांगा, "टाकी आज घेऊन जा, मासे नंतर देतो." त्या दिवशी बिल थोडं कमी होईल. पण तो माणूस परत येईल. माझे काका आले नाहीत, तुमचे यावेत.