चोचीची वाटी कुणाची?

तळहातावर मावेल एवढी मातीची वाटी. एका बाजूला बारीक चोच, आणि त्या चोचीत आरपार भोक. आत काहीच नाही. ही वाटी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात जमिनीखाली सापडली. ती साधारण 2,500 ते 3,200 वर्षांपूर्वीची आहे. सांगा बघू, कशासाठी केली असेल?

दिव्यात तेल ओतायला? आजाऱ्याला औषध पाजायला? उठून बसता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पेज भरवायला? की बाळाला दूध पाजायला? युरोपात अशी चोचीची भांडी 7,000 वर्षांपूर्वीपासूनची सापडतात आणि संशोधकांनी त्यांच्याबद्दल वेगवेगळे अंदाज केले होते. आकार बघितला तर यातलं काहीही पटतं. हीच तर पंचाईत आहे!

नुसता आकार माणसाला कसा फसवतो ते बघा. रोमन लोकांच्या कबरींत काचेच्या लांब मानेच्या चिमुकल्या कुप्या मिळतात. पूर्वी लोकांनी ठरवूनच टाकलं होतं, की गेलेल्या माणसासाठी रडणारे नातेवाईक आपली आसवं या कुप्यांत गोळा करत असणार. कल्पना किती हळवी! पण अशा कुप्यांत उरलेल्या कणांची तपासणी झाली तेव्हा तिथे तेलं आणि सुगंधी लेप निघाले.

आपल्या वाटीबद्दल एक मोठा धागा हाती होता. बव्हेरियात अशा वाट्या लहान मुलांच्या थडग्यांत मिळाल्या होत्या. मग बाळाचीच असणार ना? थांबा, घाई नको. थडग्यात खेळणं ठेवतात, आवडती वस्तू ठेवतात. जवळ ठेवली म्हणजे त्यातून दूधच पाजलं, असं होत नाही. त्यासाठी वाटीलाच विचारायला हवं होतं.

आणि वाटी खरंच सांगू शकते! दिवाळीत लावलेली मातीची पणती नंतर धुऊन बघा. पाण्याने कितीही धुतली तरी तेलाचा डाग हटत नाही. भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रं असतात. तेल, तूप, दुधातली साय यांतले स्निग्ध पदार्थ त्या छिद्रांत शिरून बसतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे जमिनीत मुरणारं पाणीही त्यांना सहज धुऊन नेत नाही. हजारो वर्षं गेली तरी थोडासा अंश आत उरू शकतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात ज्यूली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन वाट्या तपासल्या. वाटीच्या आतल्या अंगाची चिमूटभर माती खरवडून काढायची आणि त्या भुकटीतून स्निग्धांश वेगळा करायचा. आधी वरचा थर मात्र काढून टाकावा लागतो, कारण वाटी हाताळणाऱ्या आजच्या माणसांच्या बोटांनाही तेलकटपणा असतोच.

स्निग्धांश तर मिळाला. पण तो मांसाच्या चरबीचा की दुधाचा, हे कसं ओळखायचं? मला या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. गाय, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या दुधात पामिटिक आणि स्टिअरिक नावाची दोन मेदाम्लं असतात. पामिटिक आम्ल कासेत तयार होऊ शकतं. स्टिअरिक आम्ल मात्र कासेला बनवता येत नाही. ते रक्तातून घ्यावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं प्राण्याने खाल्लेल्या चाऱ्यातून आलेलं असतं. दोन्ही आम्लांत कार्बन असतो. कार्बनचे काही अणू किंचित जड असतात, काही हलके. दोन आम्लं वेगवेगळ्या वाटांनी दुधात आली, म्हणून त्यांच्यातलं जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाणही वेगळं पडतं. दुधात हा फरक चरबीपेक्षा जास्त असतो. यंत्राने तो मोजला आणि उत्तर आलं: रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं दूध!

लहान मुलांची थडगी, तोंडात धरता येईल अशी चोच आणि मातीत मुरलेलं दूध. आता तिन्ही गोष्टी जुळल्या. हा शोध 2019 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. संशोधकांनी तसंच एक नवं भांडंही घडवून घेतलं आणि आजच्या एका बाळाला दिलं. बाळाने चोच तोंडात धरली आणि प्यायला सुरुवात केली.

तुमच्या आजीला हे ऐकून मुळीच नवल वाटणार नाही. ती म्हणेल, “अगं, हे तर बोंडलं!” आपल्याकडे बाळाला दूध पाजायला चोचीचं बोंडलं असतं आणि बारशाला चांदीची वाटी, चमचा, बोंडलं द्यायची पद्धतही आहे. घरात असेल तर मागून घ्या आणि त्याची चोच नीट बघा.

बघताना एक प्रश्नही स्वतःला विचारा: ही चोच आतून घासायची कशी? धातूचं बोंडलं उकळत्या पाण्यात टाकता येतं. मातीच्या वाटीच्या छिद्रांत मात्र दूध मुरतं, नासतं, त्यात जंतू वाढतात. त्या काळातल्या काही बाळांना अशा वाटीतल्या दुधाने आजारही झाले असतील. जंतू नावाचं काही असतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण त्या बाळांवर माया किती होती! युरोपात सापडलेली अशी काही भांडी चक्क प्राण्यांच्या आकाराची आहेत, कुठल्याही खऱ्या प्राण्याशी न जुळणाऱ्या गमतीदार प्राण्यांची. दूध पाजायला साधी चोच पुरली असती. तरी कुणीतरी ओल्या मातीला चिमटे काढत बसलं आणि त्या भांड्याला डोकं आणि पाय केले.