सैनिकी पट्टा कसा निवडावा?



सैनिकाच्या कमरेचा पट्टा काय नुसता विजार आवळायला असतो? नाही. हे मला मामांनी सांगितले. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. आमच्या दादाला एन.सी.सी.च्या शिबिरासाठी पट्टा घ्यायचा होता आणि पैसे होते एकाच पट्ट्यापुरते. म्हणून मामांना बरोबर नेले. मीही गेलो.

पूर्वी पट्टे चामड्याचे असत. बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) चामड्याचे सामान नीट टिकले नाही. म्हणून ब्रिटिश फौजेने १९०८ साली घट्ट विणलेला सुती पट्टा घेतला. तो ३ इंच रुंद होता. १९३७ च्या नमुन्यात तो सव्वादोन इंच झाला. आपल्याकडे पावसाळ्यात चामडी चपलांना कशी बुरशी येते ते आठवा, म्हणजे कारण कळेल! या पट्ट्याला काडतुसांच्या पिशव्या, संगीन, पाण्याची बाटली अडकवीत. पट्टा घसरला की सगळा भार खांद्यावर. आपल्या कोकणातले माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढता लढता पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते या १९३७ च्या पट्ट्याच्याच काळातले.

आता दुकानातली गोष्ट. मामांनी आधी दादाला युनिटमधला नमुना बघून यायला सांगितले होते. रंग, रुंदी, बकल त्याच्याशी जुळलेच पाहिजे. आवडीनिवडीला तिथे जागा नाही. माप शर्टावरून घेतले. दादाने पोट आत ओढले, तेव्हा मामा म्हणाले, "अरे, असाच धावणार काय दिवसभर?" लांबी कमी करताना दोन्ही टोके सारखी दुमडायची, नाहीतर बकल मधोमध येत नाही.

मग मामांनी खिशातून चुंबक काढला. एका बकलाला तो चटकन चिकटला, म्हणजे आत लोखंड, वर पिवळा मुलामा. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात ते गंजणार आणि पट्ट्यावर डाग पडणार. पितळेला चुंबक चिकटत नाही. तसाच पट्टा घेतला. दोन रुपये जास्त गेले, पण जाऊ देत.

पितळही काळवंडतेच. आई तांब्या घासते तसे आमसुलाने घासू, असे मी सुचवले. पण त्याचे पाणी कापडाला लागते. म्हणून पुठ्ठ्याला चीर पाडून तो बकलाखाली सरकवायचा, मग ब्रासोने पुसायचे. आता हे काम दादाने माझ्याकडे दिले आहे.