मांजर आणि घरांतील फुलझाडें



विषारी झाड म्हटलें कीं कण्हेर आणि धोतरा हीं दोन नांवें आपल्याला प्रथम आठवतात. लहानपणापासून वडील मंडळींनीं त्यांचा धाक घातलेला असतो. मांजर पाळणाऱ्या घराला मात्र एवढी यादी पुरत नाहीं. मांजराला सर्वांत घातक असें फूल आज आपण स्वतः पैसे देऊन विकत आणतों आणि दिवाणखान्यांत मेजावर मांडतों. तें फूल म्हणजे लिली. मी पशुवैद्य नव्हे, निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु त्या शास्त्रांत जें सर्वमान्य झालें आहे, तेंच आज आपणांपुढें ठेवणार आहें.

लिली हें नांव आपल्याकडे फार सैलपणें वापरतात. पावसाळ्यांत कुंडींतून वर येणारी नाजूक गुलाबी लिली, किंवा जिच्या पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या फुलबाजारांत मिळतात ती लिली, या खऱ्या लिली नव्हेत. त्यांचें कूळच निराळें आहे. त्यांचा कंद चावल्यास मांजराला उलट्या होतील, पण मूत्रपिंडें जाणार नाहींत. खरी लिली म्हणजे मोठ्या पाकळ्यांची, मध्यें लांब केसर असलेली आणि त्या केसरांच्या टोकांवर तपकिरी किंवा केशरी पराग बाळगणारी, अर्थात समारंभाच्या पुष्पगुच्छांत हमखास दिसणारी. तिचें शास्त्रीय नांव लिलियम. बागेंत लावतात ती डे-लिली, म्हणजे हेमेरोकॅलिस, हीही तितकीच वाईट.

या झाडाचें पान, पाकळी, देंठ, पराग सर्व कांहीं मांजराला विष आहे. फुलदाणींतील पाणीसुद्धां त्यांतून सुटत नाहीं. एखाददुसरें पान चघळलें तरी पुरे होतें. आणि मांजरानें पान खाल्लेंच पाहिजे असेंही नाहीं. मेजाला घासून जातांना त्याच्या अंगाला पराग लागतो. अंग स्वच्छ ठेवण्याचा त्याचा बाणा आपल्याला ठाऊक आहेच. तें पराग चाटून काढतें, आणि विष पोटांत जातें. कुत्र्यानें तीच लिली खाल्ली तर त्याचें पोट बिघडतें, मूत्रपिंडें शाबूत राहतात. यांतील नेमकें विषद्रव्य कोणतें, हें रसायनशास्त्राला अद्यापि उकललेलें नाहीं.

खरा घात पुढेंच आहे. पहिल्या कांहीं तासांत मांजर लाळ गाळतें, ओकतें, कोपऱ्यांत निपचित बसतें. मग उलट्या थांबतात आणि घरांतील माणसें म्हणतात, "बरें झालें, उतरलें." याच स्वस्थतेच्या काळांत आंत मूत्रपिंडांच्या नलिकांचें अस्तर मरत असतें. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडें निकामी होतात. एकदां लघवी बंद पडली म्हणजे वैद्याच्या हातांत फारसें कांहीं उरत नाहीं. उलट पहिल्या १८ तासांच्या आंत शिरेंतून सलाईन सुरू करून तें दोन-तीन दिवस चालू ठेवलें, तर बहुतेक मांजरें वांचतात. म्हणून उलटी थांबली कीं नाहीं हें पाहत बसूं नये.

याच्याशीं आपल्या परिचयाच्या झाडांची तुलना करून पाहावी. मनी प्लांट आणि डिफेनबॅकिया हीं अळूच्या कुळांतलीं. कच्च्या अळवानें घसा खवखवतो, तो त्यांतील सुईसारख्या स्फटिकांमुळें. तेच स्फटिक या झाडांतही असतात. मांजरानें चावा घेतला कीं तोंडाची आग होते आणि तें पान सोडून देतें. हें विष निदान आधीं बजावतें तरी! कण्हेर हृदयावर घाला घालते, वाळलेल्या पानांनींही घालते. पण ती कडू असते. लिली बजावीत नाहीं.

गौरीच्या पूजेंत कोंकणांत मान पावणारी कळलावी हीही विषारी, आणि तिचें कोल्चिसीन हें विष तिच्या कंदांत भरपूर असतें. कुंडींतील सायकसच्या बिया यकृत नासवितात. ही कुंडी गच्चीवर शोभून दिसते, हें मान्य. मांजराच्या घरीं ती नसलेली बरी.

मांजरानें लिलीला तोंड लावल्याचें दिसलें, किंवा नाकावर, मिशांवर पराग दिसला, तर तो भाग ओल्या फडक्यानें पुसावा, झाडाचा तुकडा पिशवींत घ्यावा आणि तडक पशुवैद्याकडे जावें. मिठाचें पाणी पाजून ओकविण्याचा उद्योग करूं नये. घरांतील तापाची गोळीही देऊं नये; कित्येक द्रव्यें निरुपद्रवी करण्याची एक क्रिया मांजराच्या यकृतांत फार दुबळी असते, आणि पॅरासिटामॉल त्याला प्राणघातक ठरतें.

याचा अर्थ घर फुलांवांचून ठेवावें असा नाहीं. गुलाब, मोगरा, जाई मांजराला विषारी नाहींत. पानें चघळण्याची त्याची हौस भागावी म्हणून एका कुंडींत मूठभर गहू पेरावे. आठ-दहा दिवसांत चांगलें गवत होतें. आणि कोणी लिलीचा गुच्छ भेट दिलाच, तर तो उंबऱ्याबाहेरच शेजाऱ्यांच्या हवालीं करावा. मात्र त्यांच्या घरीं मांजर नाहीं ना, हें आधीं विचारून घ्यावें.