संगणकाची तबकडी बदलल्यावर

समुद्रपूर हें वर्धा जिल्ह्यांतील कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या मुलखांतलें तालुक्याचें गांव. अशा गांवच्या सेवा-केंद्रांत सातबाराचे उतारे, पीक-विम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले हें सारें काम टेबलावरच्या एका संगणकावर चालतें. ऐन हंगामांत त्याच्या पोटांतून टक् टक् असा आवाज येऊं लागला, तर हार्ड डिस्क निकामी होत आहे असें समजावें.

जुन्या धर्तीच्या हार्ड डिस्कमध्यें गुळगुळीत तबकड्या मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि मजकूर वाचणारें टोंक त्यांना न टेकतां, केसाच्या जाडीहून हजारों पटींनीं कमी अंतरावर तरंगत असतें. तें टेकलें कीं पृष्ठभाग खरवडला जातो. म्हणून 'पुन्हां एकदां चालू करून पाहूं' हा मोह घातक होय. यंत्र बंद करावें, डिस्क काढावी, ती यू.एस.बी. केबलनें दुसऱ्या संगणकास जोडावी आणि जेवढा मजकूर वाचतां येईल तेवढा आधीं उतरवून घ्यावा. ती वाचलीच जात नसेल, तर घरगुती प्रयोग थांबवून जाणकाराकडे द्यावी.

तबकडीवर दोन गोष्टी असतात : कार्यप्रणाली आणि मालकाचा स्वतःचा मजकूर. पहिली हवी तितक्यांदां नव्यानें मिळते. दुसरीची प्रत अन्यत्र नसेल, तर ती गेली. व्यवहारांत मात्र लोक पहिलीचीच काळजी वाहतात, आणि तीहि विनाकारण. विंडोज ८ पासून पुढें विंडोजसह विकत घेतलेल्या बहुतेक तयार संगणकांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्येंच साठविलेली असते. पूर्वींचीच आवृत्ति, म्हणजे होम असल्यास होम व प्रो असल्यास प्रो, बसविली कीं इंटरनेट जोडतांच परवाना ओळखला जातो. नवा परवाना विकूं पाहणाऱ्यास हें ठाऊक नसतें असें नाहीं.

प्रत्यक्ष कृति अवघड नाहीं. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून निदान ८ जी.बी.चा पेन-ड्राइव्ह तयार करावा. यंत्रांत नवी डिस्क बसवावी, ती एस.एस.डी. असल्यास उत्तम, कारण तींत फिरणारें कांहींच नसतें. जुनी डिस्क या वेळीं जोडलेली ठेवूं नये, नाहींतर चुकून तीच पुसली जाते. मग पेन-ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून रिकामी जागा निवडावी. वायफाय ओळखलें गेलें नाहीं, तर मोबाईल केबलनें जोडून त्याचें इंटरनेट वापरतां येतें. विंडोज १० ला मिळणारें नेहमींचें साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें; ज्या जुन्या यंत्रांना विंडोज ११ पेलत नाहीं, त्यांना उबुंटू किंवा सी-डॅकनें तयार केलेली 'बॉस' या लिनक्स-प्रणाली विनामूल्य आहेत. पण अंगठा घेणारें यंत्र व सहीचें टोकन तेथें चालतें कीं नाहीं, हें अगोदर पाहावें.

मराठी माणसाची खरी घाबरगुंडी याच्या पुढें उडते. सर्व सुरळीत झालें, जुनी फाईल उघडली, आणि पडद्यावर मराठीच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरें! कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे जुने फाँट रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार चितारून बनविलेले असत. कृतिदेवमध्यें 'राम' असें टंकलेलें असलें, तरी फाइलींत रोमन जे, के आणि ई हीं तीन अक्षरेंच असतात. फाँट गेला म्हणजे नुसतें सोंग उतरतें, मजकूर शाबूत असतो. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या 'फाँट्स' या फोल्डरमधून तो फाँट आणून बसवावा, कीं राम पुन्हां राम होतो. युनिकोडमध्यें लिहिलेल्या मराठीस ही पीडा नाहीं. म्हणून वेळ मिळेल तसा जुना मजकूर त्यांत बदलून घ्यावा.

उरते ती काढलेली डिस्क. तिच्यावर गांवकऱ्यांचीं आधारपत्रें व बँकेच्या पासबुकांच्या प्रती असतात. फाइली 'डिलीट' केल्यानें त्या जात नाहींत, आणि बिघडलेली डिस्क धड पुसतांहि येत नाहीं. भंगारवाल्याकडे देण्यापूर्वीं तिच्या तबकड्यांना ड्रिलनें चार-दोन भोंकें पाडावीं.