खाल्लेले अंगी का लागत नाही? रोगप्रतिकारक पेशींची संदेशवाहक प्रथिने आणि जनावरांची वाढ

दीर्घकाळ आजारी असलेले जनावर पुढ्यात चारा असूनही दिवसेंदिवस खंगत जाते. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’, असे पशुपालक म्हणतात. रोगजंतूच जनावराचे अन्न फस्त करतात, असा त्यावर सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या झिजेमागे बव्हंशी जनावराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. त्या पेशी ‘सायटोकाइन’ नावाची सूक्ष्म प्रथिने स्रवतात आणि त्यांच्या संदेशाने शरीराची वाढ थोपवली जाते.

सर्रा रोगापासून सुरुवात

या शोधाची मुळे पशुरोगांत आहेत. १८८० मध्ये ब्रिटिश लष्करातील पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे सर्रा रोगाने पीडित घोडे व उंटांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी आढळला. चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरणारा हा रोग भारतात आजही घोडे, उंट, गाई व म्हशींना होतो. ताप, रक्तक्षय आणि अतिशय कृशता ही त्याची लक्षणे होत.

आफ्रिकेतील गुरांनाही याच कुळातील परजीवी ग्रासतात. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिपॅनोसोमाबाधित सशांचा अभ्यास केला, तेव्हा एक विसंगती समोर आली. रक्तातील परजीवींची संख्या फार नसतानाही ससे झिजत होते, आणि त्यांच्या रक्तात मात्र मेदाचे प्रमाण वाढलेले होते. मेद साठवण्यास साहाय्य करणारे विकर मंदावले होते. हा परिणाम घडवणारे प्रथिन मॅक्रोफेज या भक्षक पेशींतून स्रवत असल्याचे दिसून आले. त्याला ‘कॅकेक्टिन’ असे नाव मिळाले. १९७५ मध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने वर्णिलेला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ आणि कॅकेक्टिन हे एकच प्रथिन असल्याचे १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर, सेरामी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

संदेश पोहोचतो कसा?

सायटोकाइन स्वतः पेशीत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहकाला ते चिकटते. त्यामुळे पेशीच्या आतील प्रथिनांची साखळी क्रमाक्रमाने कार्यान्वित होते, संदेश केंद्रकापर्यंत जातो आणि काही जनुके जागी होतात, तर काही शांत होतात. एकाच सायटोकाइनचा परिणाम निरनिराळ्या अवयवांत निरनिराळा असतो.

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ यांच्या प्रभावाने मेंदू ताप वाढवतो व भूक कमी करतो. यकृत नेहमीची कामे मागे ठेवून संरक्षक प्रथिने बनवू लागते. त्यांसाठी लागणारी अमिनो आम्ले स्नायूंच्या विघटनातून मिळवली जातात. यकृत वृद्धी संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-१ घटतो आणि वासराची वाढ खुंटते. लोहही साठ्यांत अडकवून ठेवले जाते. जंतूंना ते मिळू नये हा त्याचा लाभ, पण आजार लांबल्यास त्यातूनच रक्तक्षय संभवतो.

रक्षण आणि किंमत

ही योजना निरर्थक नाही. अल्पकाळ ती प्राणरक्षक ठरते, कारण उपलब्ध पोषण वाढीकडून संरक्षणाकडे वळवले जाते. संकट उद्भवते ते संदेश अतितीव्र झाल्यास किंवा थांबेनासे झाल्यास.

दुभत्या जनावरांच्या कासदाहात ही दोन्ही रूपे दिसतात. ई. कोलाय जिवाणूंच्या अंतर्विषामुळे कासेत सायटोकाइनचा लोट येतो. काही तासांत ताप चढतो, कास सुजते, दूध आटते आणि प्रसंगी जनावर दगावते. याउलट स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पुष्कळदा क्षीण प्रतिसाद जागवतो. लक्षणे उघड होत नाहीत, संसर्ग सुप्त राहतो आणि दुधाची घट दीर्घकाळ चालू राहते.

गोठ्यासाठी बोध

संदेशच वाढीच्या विरोधात असतील, तर केवळ खुराक वाढवून जनावर भरत नाही. आधी मूळ संसर्गाचे निदान व उपचार आवश्यक असतात. कृश जनावराचे रक्त तपासणे, कासदाहाची नियमित चाचणी करणे, चावणाऱ्या माश्यांचे नियंत्रण, वेळेवर लसीकरण व जंतनिर्मूलन हे उपाय म्हणूनच पोषण व्यवस्थापनाचाही भाग ठरतात. संसर्ग हटल्यावर झिजलेले स्नायू भरून येण्यासाठी प्रथिनयुक्त आहाराचा खरा उपयोग होतो.

दाहशामक औषधे सायटोकाइनच्या पुढील टप्प्यावर, म्हणजे प्रोस्टाग्लँडिनच्या निर्मितीवर, कार्य करतात. त्यांनी ताप व वेदना कमी होतात, पण जंतू मरत नाहीत. म्हणून ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच, मूळ उपचाराच्या जोडीने द्यावीत. गिधाडांना घातक ठरल्यामुळे डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. गिधाडांसाठी सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम हा त्याला पर्याय आहे.

जनावराचे खंगणे हा त्याच्या शरीराने दिलेला इशारा असतो. तो जितका लवकर ओळखला जाईल, तितका चारा पुन्हा लवकर अंगी लागेल.